बंदुकीचा डीपी

"मावशी, बंदुकीलाही डीपी असतो?"

भाचा फरशीवर पालथा पसरला होता. एका हातात मोबाइलचा टॉर्च, दुसऱ्या हाताचं बोट आबांच्या बंदुकीवर. मी पलीकडे बसून जुने कागद लावत होते, त्यामुळे त्याच्याकडे न बघताच "असेल काहीतरी कारखान्याचा शिक्का" असं म्हणून मोकळी झाले. त्याला ते पटलं नाही. "अगं, खरंच डी आणि पी. तीन ठिकाणी आहे." मग त्यानं स्वतःच विनोद केला, की त्या काळी फोटो महाग असतील म्हणून नुसती अक्षरंच ठेवली असतील, आणि स्वतःच हसत उठून गेला. पोरांचं बरं असतं, प्रश्न टाकतात आणि निघून जातात. रात्री अंथरुणावर पडल्यावर मला एकदम जाणवलं, की या बंदुकीच्या सावलीत मी लहानाची मोठी झाले आणि ही दोन अक्षरं मी कधी पाहिलीच नव्हती. तीन ठिकाणी असूनही.

बंदूक माझ्याकडे आली ती काका गेल्यावर. आबांनंतर ती काकांच्या खोलीत भिंतीवर होती, आणि काकांनंतर ती कुणालाच नको होती. एकाच्या घरात लहान मुलं, दुसऱ्याच्या घरात जागा नाही, तिसऱ्याला कागदपत्रांची भानगड नको. आत्या तेवढी फोनवर हट्टाला पेटली होती. "आबांची बंदूक घराबाहेर जाता कामा नये," एवढंच तिचं पालुपद. मग मीच घेते म्हणाले. त्यात प्रेम किती आणि वाटणीतला अबोला संपवण्याची घाई किती, हे मलाही नीट सांगता येणार नाही.

आमच्या घरात या बंदुकीची गोष्ट होती. प्रत्येक घरात एक तरी वस्तू असते, जिच्या गोष्टीला ठिगळं लागत जातात. आमची गोष्ट अशी, की आबांनी लढाईत मोठा पराक्रम केला आणि गोऱ्या साहेबानं खूश होऊन स्वतःच्या हातानं त्यांना ही बंदूक दिली. लढाई कुठली, ते सांगणाऱ्यावर अवलंबून. वडील सांगायचे तेव्हा वाळवंट असायचं, काका सांगायचे तेव्हा जंगल. आत्याच्या गोष्टीत लढाईपेक्षा पट्टा महत्त्वाचा. बंदुकीच्या लाकडावर, नळीच्या खालच्या भागात, चार बोटं रुंद पांढरा रंगाचा पट्टा आहे. आत्या सांगायची, "अख्ख्या पलटणीत नेमबाजीत जो पहिला येई, त्याच्याच बंदुकीला पांढरा पट्टा." आम्ही पोरं त्या पट्ट्याला घाबरत घाबरत बोट लावून यायचो.

आबा स्वतः काही बोलायचे नाहीत. मला आठवतात ते काठी घेतलेले आबा. चालताना ती काठी टेकत नसत, बरोबर नेत. उभे राहिले, की उजव्या पायाच्या करंगळीशेजारी तिचं टोक ठक्कन येई, आणि मग जोवर ते उभे असत तोवर काठी तसूभर हलत नसे. त्यांचे तळहात विलक्षण जाड होते, मनगटाशी तर टाचेसारखे. लहानपणी मला वाटायचं, म्हातारं झालं की सगळ्यांचेच होत असतील.

आधी रीतसर गोष्टी केल्या. काकांनी बंदूक निकामी असल्याचा कागद करून ठेवला होता, तरी पोलिसांना कळवलं, नावावर काय करावं लागेल ते विचारलं. जुनं शस्त्र हातात आलं, की ते भरलेलंच आहे असं धरून चालायचं, हेही तिथंच कळलं. नळीचं तोंड माणसांकडे नाही, बोट चापावर नाही, आणि बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा सरकता दांडा, मागे ओढून आतली जागा रिकामी असल्याची खात्री डोळ्यांनी आणि बोटानं, दोन्हींनी. हे सगळं ज्या दिवशी केलं, त्या दिवशी मी ती पहिल्यांदा पूर्ण उचलली. चार किलोच्या आसपास वजन. आकडा ऐकायला काहीच नाही, पण सव्वा हाताच्या पिशवीतले चार किलो वेगळे आणि एवढ्या लांबीवर पसरलेले चार किलो वेगळे. दोन मिनिटांत मनगट बोलायला लागलं. आणि वास. लाकडाला जवसाचं तेल चोळायची पद्धत होती, तो जुना, आंबूस, किंचित मातकट वास अजून दस्त्यात आहे. त्या वासासरशी काकांची खोली समोर उभी राहिली, अगदी पंख्याच्या आवाजासकट.

घासूनपुसून लख्ख करायची पहिली ऊर्मी आवरली, हे माझं त्यातल्या त्यात शहाणपण. पॉलिश पेपर हातात घेतलेल्या माणसानं जुन्या धातूचं जेवढं नुकसान केलंय तेवढं गंजानंही केलं नसेल. कोरडं मऊ फडकं, हलकं तेल, बास. अक्षरं वाचायला टॉर्च समोरून मारून उपयोग नसतो, सगळंच चकाकतं. उजेड अगदी आडवा, धातूला घासून जाईल असा पाडला, की खाचांच्या सावल्या उभ्या राहतात. आणि तरीही एखादं अक्षर लागलं नाही, तर लहानपणी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल फिरवायचो ना, तेच करायचं. एका रविवारी मी चार पानं भरून असे छाप काढले. अख्ख्या बंदुकीची जन्मपत्रिकाच.

सगळ्यात भरगच्च मजकूर मिळाला तो दस्ता जिथं लोखंडात शिरतो त्या पट्टीवर, उजव्या अंगाला. वर मुकुट. त्याखाली जी आणि आर. खाली एनफील्ड, खाली १९१७, मग 'एसएचटी एल ई', आणि शेवटी रोमन तीन, त्याच्यापुढे एक छोटी चांदणी. जी आर म्हणजे जॉर्ज रेक्स, राजा जॉर्ज. व्हिक्टोरियाच्या काळातल्या बंदुकांवर व्ही आर असतं, एडवर्डच्या काळातल्यांवर ई आर. यातून एक गंमत कळते. खैबरच्या खिंडीच्या आसपास कारागीर हातानं अशा बंदुका घडवत, शिक्क्यांसकट. नक्कल इतकी हुबेहूब, की बंदूक बारही काढते. पण शिक्का उठवणाऱ्याला इंग्रजी येत नसल्यामुळे कधी एन उलटा पडतो, तर कधी व्ही आर खाली १९०८ साल येतं. राणी १९०१ मध्येच वारलेली. मी धडधडत्या छातीनं आमचा एन तपासला. सुलटा होता.

एनफील्ड हे मला आजवर साहेबाचं नाव वाटत आलेलं, ली एनफील्ड नावाचा कुणी मिशाळ माणूस. प्रत्यक्षात ली हा माणूस आणि एनफील्ड हे गाव. जेम्स पॅरिस ली स्कॉटलंडमध्ये जन्मला, कॅनडात वाढला, आणि मुळात घड्याळजी होता. बोल्ट मागे-पुढे करताना जो गुळगुळीत, तेलात भिजल्यासारखा आवाज येतो, त्यात मला आता घड्याळ ऐकू येतं. बहुधा मनाचे खेळ. एनफील्ड हे लंडनच्या उत्तरेचं गाव, तिथं सरकारी कारखाना. 'एसएचटी एल ई' म्हणजे आखूड ली-एनफील्ड, घोडदळाला आणि पायदळाला एकच बंदूक पुरावी म्हणून नळी आखूड केलेली. रोमन तीन म्हणजे १९०७ मध्ये मंजूर झालेला तिसरा नमुना. दहा गोळ्यांचं मॅगझिन, .३०३ चं काडतूस, नळीच्या आत डावीकडे वळत जाणारे पाच आटे.

चांदणी दिसली तेव्हा मी मनातून सुखावले होते, हे कबूल करायला हवं. बंदुकीवर चांदणी म्हणजे काहीतरी विशेष, मानाची असणार. तर ती चांदणी काटकसरीची निघाली. १९१६ मध्ये आघाडीवर बंदुका पुरेनात, तेव्हा ज्याच्यावाचून अडत नाही असे भाग गाळून उत्पादन वाढवायचं ठरलं. मॅगझिन बंद करून एकेक गोळी घालण्यासाठी असलेली पट्टी गेली. दोन हजार यार्डांच्याही पलीकडच्या जमावावर अंदाजानं मारा करण्यासाठी डाव्या बाजूला असलेली दूरमाऱ्याची तबकडी गेली. एवढं सगळं काढून घेतलं आणि बदल्यात एक चांदणी दिली. अशा बंदुका एकट्या एनफील्डनं त्या युद्धात सुमारे २० लाख घडवल्या. आमची त्यांतली एक. आबांपेक्षा दोन वर्षांनी मोठी.

बारीक शिक्के तर मोजता मोजता संपेनात. इवलासा मुकुट, खाली आकडा, खाली ई. हा तपासनिसाचा शिक्का. प्रत्येक तपासनिसाला आपला आकडा, आणि भाग पसंत पडला की तो आकडा त्या भागावर. त्या वर्षांत कारखान्यात बायकाही कामाला होत्या. आमच्या बंदुकीचा एखादा भाग कुणा बाईच्या हातून गेला असेल का, या विचारात मी अर्धा तास घालवला, ज्याचं उत्तर मिळणं शक्य नव्हतं. तो कारखाना १९८८ मध्ये बंद झाला आणि आता तिथं घरं आहेत, लोक राहतात.

मग नंबर. नळी, नळीमागचा लोखंडी भाग, तोंडाशी असलेली टोपी, नेम धरायची पट्टी या सगळ्यांवर एकच नंबर हवा. आमच्याकडे तो सगळीकडे जुळला, फक्त बोल्टवर भलताच निघाला. म्हणजे बोल्ट दुसऱ्याच कुठल्या बंदुकीचा. माझं मन थोडं खट्टू झालं, का ते सांगता येत नाही.

आणि कावळ्याच्या पायासारखी ती खूण. तीन रेघा एका टोकाला मिळालेल्या. ब्रिटिश सरकारच्या मालमत्तेवरचा बाण. तो ठिकठिकाणी होताच, पण एका जागी दोन बाण टोकाला टोक लावून उठवलेले होते, चांदणीसारखे दिसणारे. म्हणजे सरकारी खात्यातून रीतसर काढून विकलेली. साहेबानं खूश होऊन दिली वगैरे काही नाही. कुठंतरी एक यादी झाली असेल, यादीपुढे खूण झाली असेल, आणि आबांनी किंवा आबांच्या आधी कुणीतरी पैसे मोजून ती घेतली असेल. आमच्या गोष्टीतला साहेब त्या दोन बाणांच्या मधल्या जागेत विरघळून गेला.

डीपी मात्र मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. खरं सांगायचं तर टाळत होते.

मैत्रिणीचे सासरे फौजेत आर्मरर होते, शस्त्रं दुरुस्त करणारे. वय ऐंशीच्या पुढे. त्यांना घरी आणलं. मी चार पानं छाप, वही, भिंग सगळं मांडून बसले होते. त्यांनी त्यातल्या कशाकडे बघितलं नाही. खुर्चीवर बसायच्या आधी बंदुकीकडे एक नजर टाकली आणि म्हणाले, "कवायतीची आहे."

"कशावरून काका?"

"पट्ट्यावरून. आणखी कशावरून?"

मग त्यांनी बोल्ट काढला, डोळ्यांजवळ नेला आणि माझ्या हातात दिला. टोकाला जिथून फायरिंग पिन, काडतुसावर आदळून ते पेटवणारी सळई, डोकावायला हवी, तिथं नुसतं छिद्र. पिन पुढून कापलेली. नळीत जिथं काडतूस बसतं तिथं बाजूनं भोक पाडलेलं, त्यात त्यांनी माझीच पेन्सिल खुपसून दाखवली. डीपी म्हणजे ड्रिल पर्पज. बंदूक झिजली, सदोष निघाली, किंवा मारा करायला भरवशाची राहिली नाही, की ती भट्टीत न टाकता कवायतीच्या मैदानावर पाठवायची. शिक्का मारायचा, आणि लाकडावर पांढरा पट्टा ओढायचा. "रात्री, पावसात, गडबडीत कुणी चुकून जिवंत काडतूस घालू नये म्हणून. लांबून दिसलं पाहिजे." रंगाच्या पट्ट्यांची ही भाषा त्यांना पाठ होती. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या होमगार्डांना अमेरिकन रायफली मिळाल्या, त्यांचं काडतूस वेगळं, म्हणून त्यांवर लाल पट्टा. पांढरा म्हणजे ही वाजणार नाही.

नेमबाजीत पहिला आला त्याच्या बंदुकीला पांढरा पट्टा.

आर्मरर काका घरी परतल्यावर मी बराच वेळ तशीच बसून राहिले. राग आला होता, पण कुणाचा ते ठरत नव्हतं. आबांनी तर कधी काही सांगितलंच नव्हतं. लाजही वाटली. शाळेत असताना मी या बंदुकीवर निबंध लिहिला होता, त्यात आबांच्या तोंडी दोन वाक्यंही घातली होती, आणि बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला होता. आणि या सगळ्याच्या तळाशी, कुणाला सांगायची सोय नाही असा, एक सुटकेचा निःश्वासही होता. लहानपणापासून ती बंदूक बघताना माझ्या मनात एक प्रश्न यायचा, हिनं किती माणसं मारली असतील? घरात तो कुणाला विचारता येत नसे, पराक्रमाच्या गोष्टीत तो बसत नव्हता. एनफील्डहून निघाल्यापासून पांढरा पट्टा ओढेपर्यंत तिनं काय केलं, ते आता कळायचा मार्ग नाही. पण आबांच्या हातात ती आली तेव्हा तिला काही करताच येत नव्हतं, हे नक्की.

दुसऱ्या दिवशी मी शिक्के सोडून झीज बघायला लागले. आर्मरर काकांनीच जाता जाता सांगितलं होतं, "अक्षरं काय, कुणीही वाचील. कुठं झिजलीय ते बघ." दस्त्याच्या बुडाला पितळी पत्रा असतो, त्यात झाकणाचा एक कप्पा, आत तेलाची बाटली आणि नळी साफ करायची दोरी ठेवायला. आमच्या कप्प्यात बाटली आहे, दोरी नाही. जी झाडतच नाही तिची नळी कोण साफ करणार? पण पत्र्याची खालची कड बघण्यासारखी आहे. बाकी पितळ जाड आहे, आणि तो एक कोपरा झिजून गोल, कागदासारखा पातळ झालाय. बंदूक खांद्यावरून उतरवून उजव्या पायाशी जमिनीवर टेकवायची, तो 'बाजू शस्त्र'चा कोपरा. किती वेळा आपटला असेल, याचा हिशेब करून बघितला. सकाळी शंभर, संध्याकाळी शंभर, वर्षाचे दिवस, आणि मग सोडून दिला. लाकडावर पुढच्या भागात, जिथं सलामी देताना डावा तळहात येऊन आदळतो, तिथं एक उथळ खळगा आहे. रंग उडालेला, पण मेणासारखा गुळगुळीत. मी त्यात माझा तळहात ठेवला. माझा हात त्या खळग्यात बुडाला, चारी बाजूंनी जागा उरली.

जाड तळहात. मनगटाशी टाचेसारखे.

हा खळगा एकट्या आबांचा नाही, हे मला कळतं. मैदानावर अशा बंदुकी रोज हात बदलतात. नवी पोरं, खेड्यापाड्यांतून आलेली, डावा-उजवा पायसुद्धा सारखा न पडणारी, त्यांच्या हातात पहिली बंदूक येते ती हीच, न वाजणारी. आबा त्यांच्यासमोर उभं राहून, पुन्हा पुन्हा तेच करून दाखवत असणार. फौजेत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. आमच्या घरात आबांसाठी हा शब्द मी एकदाही ऐकला नाही. शिकवणाऱ्याची गोष्ट कोण सांगतं? त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं मात्र पुढे खऱ्या बंदुका घेऊन खऱ्या लढाईवर गेली असतील, आणि सगळी परतली नसतील. आबा बोलायचे का नाहीत, याचं कारण मला इथं सापडलं असं म्हणायचा मोह होतोय. पण ती पुन्हा मी रचलेली गोष्ट होईल, शाळेतल्या निबंधासारखी.

आत्याला सांगावं की नाही, यावर चार दिवस गेले. ती नव्वदीला टेकलीय, ऐकायला कमी येतं, आणि बंदुकीची चौकशी दर फोनला असते. रविवारी तिचा फोन आला आणि तिनं सुरुवातच तिथून केली. "काय गं, कळलं का मग कुठल्या लढाईतली?"

"आत्या, एक विचारू? तो पट्टा नेमबाजीचा, हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी म्हणजे? सगळेच म्हणायचे."

"आबा म्हणायचे?"

पलीकडे बराच वेळ काही नाही. मला वाटलं ऐकू गेलं नाही, पुन्हा विचारणार, तेवढ्यात ती म्हणाली, "आबा कुठं काय म्हणायचे. आबा रंगवायला लावायचे."

"काय?"

"पट्टा. रंग उडाला की माझ्याच हातात ब्रश द्यायचे. माझा हात स्थिर म्हणून. दोन्ही कडांना सुतळी बांधून द्यायचे, रेघ वाकडी जाऊ नये म्हणून. आणि मग अंगणाच्या पार टोकाला जाऊन उभे राहायचे, तिथून दिसतो का बघायला. नाही दिसला तर आणखी एक हात." ती हसली. "तुमची कुणाची टाप नव्हती हात लावायची. मी एकटीच."

मी बंदुकीकडे बघितलं. खिडकीतून येणाऱ्या उजेडात पट्ट्याची वरची कड ढलपी निघाल्यासारखी दिसत होती, आणि त्या ढलपीखाली रंगाचे थर, एकाखाली एक, चार-पाच तरी.

"आहे ना गं अजून तो पट्टा?"

"आहे. अर्धा उडालाय."

"मग रंगव की," आत्या म्हणाली. "सुतळी बांधून घे आधी."